इंटरनेटवरून दूरध्वनी : सोय, किंमत आणि जबाबदारी

इंटरनेटवरून होणाऱ्या फोनकॉलचा विषय निघाला की सहसा दोन याद्या मांडल्या जातात. एकीत कमी खर्च, समोरच्याचा चेहरा पाहत बोलणे, जगात कुठूनही संपर्क. दुसरीत तुटणारा आवाज, विजेवरचे अवलंबन, फसवणूक. याद्यांतला तपशील बरोबर असतो. पण अशा मांडणीतून एक समज तयार होतो, की तोटे हे तंत्राच्या कोवळेपणाचे आहेत. वेग वाढला, यंत्रे सुधारली की ते आपोआप गळतील आणि फायदे तेवढे हाती राहतील. या लेखाचे प्रतिपादन असे की फायदे आणि तोटे एकाच मुळातून निघतात. ते मूळ म्हणजे आवाज वाहून नेणारी वाट आणि कॉल जुळवून देणारी सेवा यांची फारकत. जुन्या टेलिफोनमध्ये तार, एक्स्चेंज, क्रमांक, वीज आणि बिल हे सारे एकाच संस्थेच्या हाती होते. इंटरनेटवर वाट एकाची, ॲप दुसऱ्याचे, यंत्र तिसऱ्याचे. स्वस्ताई आली ती या फारकतीमुळे, आणि कॉलची सबंध जबाबदारी घेणारा कोणी उरला नाही तोही तिच्यामुळेच.

१. चार प्रकार

‘इंटरनेट कॉल’ या नावाखाली चार वेगळ्या गोष्टी मोडतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढचे विवेचन घसरेल.

पहिला प्रकार ॲप ते ॲप. व्हॉट्सॲप, सिग्नल, फेसटाइम यांवरचे कॉल यात येतात. दोन्ही टोकांना तेच ॲप हवे. आवाज सार्वजनिक इंटरनेटवरून जातो.

दुसरा प्रकार ॲप ते क्रमांक. कॉल इंटरनेटवर सुरू होतो, वाटेत एका गेटवेमधून साध्या टेलिफोन जाळ्यात उतरतो आणि कोणत्याही फोनवर वाजतो. स्काइपच्या सशुल्क सेवेने हा प्रकार जगभर रुळवला.

तिसरा प्रकार कार्यालयांतला. कंपनीचे ईपीएबीएक्स तांब्याच्या तारांऐवजी संगणकाच्या जाळ्यावर चालते, टेबलावरचा फोन लॅनच्या वायरीला जोडलेला असतो आणि बाहेरची लाइन ‘सिप ट्रंक’ म्हणून येते.

चौथ्या प्रकारात आपण इंटरनेट कॉल करतो आहोत हेच बोलणाऱ्याला कळत नाही. ४जी फोनवरचा व्होल्टी कॉल, वाय-फाय कॉलिंग आणि फायबरवरून येणारा घरचा ‘लँडलाइन’ या तिन्हींत आवाज इंटरनेटच्याच पद्धतीने पॅकेटांत तोडलेला असतो. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात तर जुन्या पद्धतीच्या कॉलची सोयच नव्हती. पहिल्या दिवसापासून प्रत्येक कॉल पॅकेटांचाच.

पहिल्या आणि चौथ्या प्रकारांचे तंत्र जवळपास सारखे आहे, पण जबाबदारीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्होल्टी कॉल सुरू होताच मोबाइल कंपनी आपल्या जाळ्यात त्या आवाजासाठी खात्रीशीर वेगाची वेगळी मार्गिका राखते. ॲपवरचा कॉल मात्र त्याच टॉवरवरून जाताना शेजाऱ्याच्या क्रिकेट सामन्याच्या आणि सिनेमाच्या डेटाबरोबर रांगेत उभा असतो. म्हणून पॅकेट वाईट आणि तार चांगली, असा निवाडा करता येत नाही. त्या वाटेची हमी कोणी दिली आहे, हे आधी पाहावे लागते.

२. आवाज पॅकेटांत कसा जातो

जुन्या टेलिफोनचे तत्त्व ‘सर्किट स्विचिंग’चे. क्रमांक फिरवला की दोन टोकांमध्ये एक सलग मार्ग राखला जाई आणि रिसीव्हर ठेवेपर्यंत तो इतर कोणाला मिळत नसे. डिजिटल एक्स्चेंज आल्यावर आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जाऊ लागले. प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे दर दिशेला सेकंदाला ६४ किलोबिट. बोलणारा गप्प बसला तरी हे ६४ किलोबिट अडकूनच राहत.

१९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे दुसरी कल्पना मांडली. संदेशाचे तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता लिहावा आणि मोकळी असेल त्या वाटेने प्रत्येक तुकडा जाऊ द्यावा. वऱ्हाडासाठी अख्खी एसटी ठरवणे आणि प्रत्येक वऱ्हाड्याने मिळेल त्या गाडीने येणे, असा हा भेद आहे. दुसऱ्या पद्धतीत गाड्या रिकाम्या धावत नाहीत. पण कोण कधी पोचेल याचा भरवसा नाही, आणि मुहूर्त टळल्यावर आलेल्याचा उपयोगही नाही.

पत्रासाठी किंवा छायाचित्रासाठी हा उशीर चालतो. आवाजाला चालत नाही. तरीही १९७४ मध्ये अर्पानेट या इंटरनेटपूर्व जाळ्यावर पॅकेटांतून आवाज पाठवण्याचे प्रयोग यशस्वी झाले, आणि १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने घरगुती संगणकासाठी ‘इंटरनेट फोन’ विक्रीला आणला. पुढे यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या भाषा ठरल्या. आवाजाचे तुकडे वाहून नेणारा आरटीपी १९९६ मध्ये, कॉल जुळवणारा सिप १९९९ मध्ये. वेगानुसार स्वतःला आखडून-पसरून घेणारा ओपस हा कोडेक, म्हणजे आवाज कमी बिटांत बसवण्याची रीत, २०१२ मध्ये प्रमाणित झाला. तो सेकंदाला ६ किलोबिटांपासून ५१० किलोबिटांपर्यंत काम करतो.

साधारणपणे २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात बसवतात, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटे. प्रत्येकावरच्या पत्त्याचे वजन ४० बाइट. जी.७२९ या जुन्या, काटकसरी कोडेकमध्ये २० मिलिसेकंदांचा आवाज अवघा २० बाइट भरतो. म्हणजे मजकुरापेक्षा पत्ता दुप्पट जड. पॅकेट मोठे केले तर हा भार कमी होतो, पण ते भरेपर्यंत थांबावे लागते आणि हरवले तर आवाजाचा मोठा तुकडा जातो. काटकसर आणि तत्परता यांची ओढाताण अशी अगदी तळाशीच बसलेली आहे.

हरवलेले पॅकेट पुन्हा मागवले जात नाही, कारण ते येईपर्यंत बोलणे पुढे गेलेले असते. फोन मागच्या-पुढच्या आवाजावरून मधली फट अंदाजाने भरतो. एखादे पॅकेट गेले तर कानाला कळतही नाही. ओळीने सात-आठ गेली की बोलणारा यंत्रमानवासारखा खरखरू लागतो.

३. फायदे आणि त्यांची कारणे

खर्च. १९९० च्या दशकात भारतातून अमेरिकेशी बोलायला मिनिटाला पन्नासहून अधिक रुपये पडत. एसटीडीच्या पिवळ्या बूथसमोर रात्री दर उतरण्याची वाट पाहणाऱ्या रांगा त्याच काळातल्या. त्या दरात तारेचा खर्च थोडा होता. मोठा भाग होता तो मक्तेदारीचा आणि देशादेशांच्या दूरसंचार संस्थांमधल्या हिशेबाचा. परदेशी कॉलवर विदेश संचार निगमचा मक्ता २००२ पर्यंत टिकला.

इंटरनेट कॉलने हा हिशेबच बाजूला सारला, कारण पॅकेटाला अंतराचे भाडे नाही. आकडेमोड करून पाहू. २४ किलोबिटांचा चांगला आवाज घेतला, त्यात पत्त्याचे १६ किलोबिट मिळवले आणि दोन्ही दिशा धरल्या, तर सेकंदाला ८० किलोबिट होतात. मिनिटाला हे सुमारे ६०० किलोबाइट, तासाला ३६ मेगाबाइट. रोज १.५ गिगाबाइट मिळणाऱ्या पॅकमध्ये तासभर बोलणे हा किरकोळ खर्च ठरतो, मग समोरची व्यक्ती शेजारच्या गल्लीत असो की शिकागोत.

मात्र याला ‘फुकट’ म्हणणे शास्त्रीय नव्हे. मिनिटाचा खर्च जाऊन ठोक खर्च आला. स्मार्टफोन, डेटा पॅक, घरचा राउटर, त्याची वीज हे सारे आता वापरणाऱ्याच्या खिशातून जाते. महिन्यात दोनदाच बोलणाऱ्या, साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या आजीच्या दृष्टीने हा बदल स्वस्ताईचा नाही. तिचा जुना फोन आणि जुना क्रमांक तिच्यासाठी पुरेसा होता. नव्या व्यवस्थेत येण्याचे प्रवेशमूल्यच मोठे आहे.

आवाजाचा दर्जा. साध्या टेलिफोनमधून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘स’सारख्या उष्म ध्वनीची बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते. म्हणून फोनवर आडनाव सांगताना ‘फ’ की ‘स’ असा घोळ होतो आणि अक्षर फोडून सांगावे लागते. नव्या कोडेकना ही मर्यादा नाही. ७,००० हर्ट्झपर्यंतचा किंवा त्याहून रुंद पट्टा ते सहज नेतात. वाट मोकळी असेल तेव्हा ॲपवरचा कॉल जुन्या लँडलाइनपेक्षा स्वच्छ ऐकू येतो, तो यामुळे.

आवाजापलीकडचे. पॅकेटात काय आहे याच्याशी जाळ्याला कर्तव्य नसते, म्हणून त्याच वाटेने चित्र, कागद, नकाशा, दहा जणांची बैठक असे काहीही जाते. कर्णबधिरांसाठी याचे मोल मोठे आहे. शंभरावर वर्षे टेलिफोन हे त्यांना वगळणारे यंत्र होते. व्हिडिओ कॉलमुळे खुणांच्या भाषेत थेट दूरसंभाषण करता येऊ लागले. आवाजासाठीच बांधलेल्या जाळ्यात ही शक्यता निर्माण होणे अवघड होते.

स्थलमुक्ती. सिप पद्धतीत क्रमांक तारेला बांधलेला नसून खात्याला बांधलेला असतो. कर्मचाऱ्याने टेबल बदलले, शहर बदलले, तरी विस्तार क्रमांक तोच. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर यांनी ‘ॲस्टेरिस्क’ हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिले आणि महागड्या एक्स्चेंजचे काम साध्या संगणकावर करता येऊ लागले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईची कॉल सेंटरे घराघरांतून चालली ती याच स्थलमुक्तीवर. तंत्र आधीपासून तयार होते. अडसर परवान्याच्या अटींचा होता आणि तो दूरसंचार विभागाने त्या महिन्यात तात्पुरता सैल केला.

गुप्तता. साध्या कॉलमध्ये आवाज कंपनीच्या जाळ्यात उघडा असतो. एक्स्चेंजमध्ये बसून तो ऐकता येतो. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये आपली सेवा टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध केली, तेव्हापासून मधल्या कोणालाही, खुद्द कंपनीलाही, बोलणे ऐकता येत नाही. कोण, कोणाशी, किती वेळ बोलले ही माहिती मात्र झाकली जात नाही. शिवाय टोकाचे यंत्रच फोडले तर कूट काय कामाचे? मे २०१९ मध्ये उघड झालेल्या त्रुटीत व्हॉट्सॲपवर नुसता कॉल करून फोनमध्ये हेरगिरीचे सॉफ्टवेअर घुसवता येत होते; पलीकडच्याने तो उचलण्याचीही गरज नव्हती. सुमारे १,४०० जणांना त्यात लक्ष्य करण्यात आले, त्यात भारतीयही होते.

४. उणिवा आणि त्यांची मुळे

विलंब. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सुरळीत वाटते. ४०० च्या पुढे जाळ्याची आखणीच करू नये. हा वेळ कुठे खर्च होतो? काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर अंदाजे १३,५०० किलोमीटर, म्हणजे किमान ६७ मिलिसेकंद. समुद्राखालच्या केबली वळसे घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात बरेच अधिक. त्यात पॅकेट भरण्याचे २०, आणि मागेपुढे येणारी पॅकेटे ओळीत लावण्यासाठी फोन जाणूनबुजून थांबतो त्याचे आणखी ४०-६०. मर्यादा इथेच गाठली जाते. मग दोघे एकदम बोलू लागतात, दोघेही थांबतात, पुन्हा एकदम सुरू होतात.

वेग वाढवून यातला एक भाग कमी होईल, दुसरा होणार नाही. रांगेत घालवलेला वेळ रुंद वाटेने घटतो. प्रकाशाचा वेग कोणी वाढवू शकत नाही. पुण्याहून नागपूरला बोलताना अंतराचा वाटा जेमतेम तीन-चार मिलिसेकंदांचा असतो. तिथला उशीर जवळपास सगळा घरच्या वाय-फायचा आणि गर्दीचा. ‘मोठा प्लॅन घेतला तरी आवाज तुटतोच’ या तक्रारीचे उत्तरही इथेच आहे. प्लॅनमध्ये वेग विकला जातो. पॅकेटांच्या येण्यातली अनियमितता, म्हणजे जिटर, किती असेल याचे वचन कोणी देत नाही.

वीज. तांब्याच्या लँडलाइनला एक्स्चेंजकडून ४८ व्होल्टचा पुरवठा तारेतूनच मिळे. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातल्या गावांत दिवे गेले तरी फोन वाजत असे, कारण एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांच्या रांगा आणि जनरेटर होते. काचेतून वीज जात नाही. फायबरच्या टोकाचे यंत्र आणि राउटर घरच्या विजेवर चालतात. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेली की ‘लँडलाइन’ही गेला. ब्रिटन आपले तांब्याचे जाळे बंद करत आहे, तिथे नेमका हाच प्रश्न ऐरणीवर आला. एकट्या वृद्धांच्या गळ्यातली मदतीची बटणे त्या जुन्या लाइनीवर चालत होती. मुदत डिसेंबर २०२५ वरून जानेवारी २०२७ वर ढकलण्यात आली, ती मुख्यतः या लोकांच्या काळजीपोटी. वीज गेल्यावर किमान एक तास तरी आणीबाणीचा कॉल लागेल असा उपाय कंपन्यांनी उपलब्ध करावा, असे तिथल्या ऑफकॉम या नियामकाचे बंधन आहे.

आणीबाणी. ११२ हा क्रमांक मोबाइलवर फिरवला की तो आपल्या राज्याच्या नियंत्रण कक्षात पोचतो, आणि कोणत्या टॉवरच्या परिसरातून आला हे जाळ्याला ठाऊक असते. व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरून ११२ लागत नाही. ॲपला टॉवर माहीत नसतो, आणि इंटरनेटचा पत्ता पाहून घराचा पत्ता खात्रीने काढता येत नाही. अमेरिकेत इंटरनेट फोन घरोघर गेल्यावर ९११ चे कॉल भलतीकडे जाऊ लागले. शेवटी २००५ मध्ये तिथल्या एफसीसी या नियामकाला, साध्या टेलिफोन जाळ्याशी जोडलेल्या इंटरनेट फोन सेवांवर ९११ ची सोय बंधनकारक करावी लागली. स्थलमुक्तीचा फायदा इथे तोट्याच्या रूपात भेटतो. कुठूनही बोलता येते, याचा अर्थच असा की कुठून बोलतो आहे हे जाळ्याला कळत नाही.

ओळख. क्रमांक तारेला बांधलेला होता तेव्हा तार ही ओळख होती. इंटरनेटवरून टेलिफोन जाळ्यात उतरणारा कॉल मात्र आपला क्रमांक स्वतःच सांगतो, आणि तो खोटाही सांगू शकतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्यांना सूचना देणाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका कंपनीची व्हीओआयपी, म्हणजे इंटरनेट फोनची, सेवा वापरली होती. हल्लेखोरांच्या हातात मोबाइल होते, म्हणून यंत्रणांना संभाषण ऐकता आले. पण पलीकडचे लोक कुठे बसले आहेत हे क्रमांकावरून कळत नव्हते. जुने आणि नवे जाळे जिथे जुळते तो सांधा किती महत्त्वाचा आहे, हे त्यातून दिसले.

त्या सांध्यावर आज दुसरा धंदा चालतो. परदेशातून आलेला कॉल भारतीय जाळ्यात उतरवण्यासाठी भारतीय कंपनीला मिनिटाला ३५ ते ६५ पैसे द्यावे लागतात. देशातल्या देशात एका कंपनीकडून दुसरीकडे जाणाऱ्या कॉलवर मात्र १ जानेवारी २०२१ पासून असे शुल्क शून्य आहे. ही तफावत खिशात घालण्यासाठी ‘सिम बॉक्स’ लावतात. परदेशी कॉल इंटरनेटवरून आणायचा, शेकडो सिम कार्डे खोचलेल्या डब्यातून तो स्थानिक मोबाइल कॉल म्हणून सोडायचा. ऐकणाऱ्याला परदेशाऐवजी साधा दहा आकडी क्रमांक दिसतो. महसूल बुडतो तो कंपनीचा आणि सरकारचा. पण त्याच डब्यातून खंडणीखोर आणि ठगही शिरतात. क्रमांक +९१ चा भासवून परदेशातून येणारे कॉल अडवण्यासाठी दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतंत्र यंत्रणा सुरू केली. पोलीस असल्याचे भासवून ‘डिजिटल अरेस्ट’चे सोंग करणारे मात्र व्हिडिओ कॉलवर येतात, आणि तो सांधा ओलांडण्याची गरजच नसल्याने ही गाळणी त्यांना लागू पडत नाही.

बंदिस्तपणा. कोणत्याही कंपनीच्या फोनवरून कोणत्याही कंपनीच्या फोनला कॉल लागावा, ही टेलिफोन जाळ्याची मूलभूत अट आहे. ॲपना ती लागू नाही. सिप ही खुली भाषा वीसहून अधिक वर्षे उपलब्ध आहे, तरी व्हॉट्सॲपवरून सिग्नलला कॉल लागत नाही. कारण व्यापारी आहे, तांत्रिक नाही. परिणामी करोडो लोकांचे बोलणे एका कंपनीच्या तब्येतीवर अवलंबून राहते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी मालक कंपनी फेसबुकच्या स्वतःच्या देखभालीतल्या चुकीने व्हॉट्सॲप जगभर जवळपास सहा तास बंद होते. स्काइप तर ५ मे २०२५ रोजी कायमचे मिटले. २००३ मध्ये ज्या नावाने जगाला इंटरनेट कॉलची ओळख करून दिली, ते मालक कंपनीच्या एका निर्णयाने संपले. युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स कायद्यातून मोठ्या संदेशसेवांवर परस्परजोडणीचे बंधन घातले आहे. त्यात मजकुराची पाळी आधी आली, कॉलना अधिक मुदत मिळाली.

राजसत्तेची मुभा. रत्नागिरी-रायगडातली कितीतरी माणसे आखातात कामाला आहेत. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मजकूर जातो, कॉल जात नाही. तिथे परवाना मिळालेली ठरावीक ॲपच कॉलसाठी चालतात. म्हणून गावातल्या घरी इतरांसाठी एक ॲप आणि दुबईतल्या मुलासाठी दुसरे, अशी व्यवस्था ठेवावी लागते. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये सारी संपर्कसाधने बंद झाली. ती परतली तेव्हा आधी लँडलाइन, ऑक्टोबरात पोस्टपेड मोबाइल, आणि जानेवारी २०२० मध्ये मंद २जी इंटरनेट असा क्रम होता. तो पुरेसा बोलका आहे. शासन टेलिफोनला आवश्यक सेवा मानते, इंटरनेटला मुभा मानते. आणि ॲपवरचा कॉल मुभेच्या बाजूला पडतो.

५. भारतीय नियमांची वाटचाल

आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, तीही अर्धी. संगणक ते संगणक चालेल, संगणकावरून परदेशातला फोनही चालेल. भारतातल्या साध्या फोनवर मात्र कॉल उतरवायचा नाही. कार्यालयांवर तर इंटरनेटची आणि टेलिफोनची लाइन एकमेकींना स्पर्श करू नये अशी अट होती. मुंबईहून पुण्याच्या शाखेत कंपनीच्या जाळ्यावरून कॉल न्यायचा आणि तिथून स्थानिक फोनवर उतरवायचा, ही तंत्राच्या दृष्टीने अगदी सोपी गोष्ट गुन्हा ठरत होती. या भिंतीचा हेतू एसटीडीचे उत्पन्न राखणे हा होता. पुढे कॉलचे दर इतके घसरले की राखण्याजोगे उत्पन्नच उरले नाही. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना ॲपवरून देशातल्या कोणत्याही फोनवर कॉल जोडण्याची मुभा मिळाली आणि बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही तशी सेवा आणली. २०२०-२१ मध्ये कॉल सेंटरांवरची बंधनेही उठली.

दरम्यान उलट्या दिशेनेही प्रयत्न झाला. डिसेंबर २०१४ मध्ये एका मोठ्या मोबाइल कंपनीने इंटरनेट कॉलसाठी डेटाचा वेगळा, चढा दर जाहीर केला. लोकांच्या संतापापुढे तो मागे घ्यावा लागला. त्यातून उठलेल्या जाळेसमतेच्या वादाअंती फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने मजकुरानुसार भेदभाव करणारे दर बंद केले. कंपन्यांचा युक्तिवाद मात्र पूर्ण पोकळ नव्हता. स्पेक्ट्रमचे पैसे आम्ही भरतो, पोलिसांना माहिती आम्ही देतो, ११२ आम्ही जोडतो. ॲपवाले तेच काम करतात आणि त्यांना यातले काहीच लागू नाही. ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये ॲपांवर तूर्त वेगळे नियमन नको असा सल्ला दिला. प्रश्न त्यामुळे मिटला नाही, पुढे ढकलला गेला.

या वादात दोन मुद्दे नेहमी एकमेकांत गुंततात. ॲपांनी मोबाइल कंपन्यांना वाटेचे भाडे द्यावे, ही मागणी व्यवसायाची आहे आणि तिला फारसा आधार नाही. ग्राहकाने त्या वाटेचे पैसे डेटा पॅकमधून आधीच भरलेले असतात. टेलिफोनवर असलेली सार्वजनिक कर्तव्ये कोणी पार पाडायची, हा मुद्दा मात्र वेगळा आणि खरा आहे. महसुलाच्या भांडणात तो हरवू देता कामा नये.

६. निष्कर्ष

वरील विवेचनातून वापरणाऱ्यासाठी एक साधा निकष निघतो. कॉल तुटला तर पुन्हा लावता येईल असे जे बोलणे आहे, ते ॲपवर करावे. घरच्यांची विचारपूस, लांबलचक चर्चा, बैठक, परदेशी नातलग हे सारे त्यात आले. तुटल्यास नुकसान होईल असे बोलणे साध्या मोबाइल कॉलने करावे. फायबरचा फोन हाच एकमेव फोन असेल, तर राउटरला छोटा यूपीएस जोडणे हा फोनच्याच खर्चाचा भाग समजावा. कार्यालयाने इंटरनेट टेलिफोनी घेताना वेगासोबत विलंब, जिटर आणि गळती यांची लेखी हमी मागावी, आणि एक तरी वेगळ्या वाटेची लाइन ठेवावी. पडद्यावर दिसणारा क्रमांक, पोलिसाचा गणवेश आणि मागची कचेरी यांपैकी काहीही ओळखीचा पुरावा धरू नये. फसवणूक झाल्यास १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.

धोरणासाठी निष्कर्ष अधिक अवघड आहे. टेलिफोन जाळ्याने शंभर वर्षे तीन कामे न बोलता केली : वीज गेली तरी चालू राहणे, कॉल कुठून आला हे सांगणे, आणि कोणालाही कोणाशीही जोडून देणे. त्यांचा खर्च चढ्या दरांतून निघत असे, म्हणून तो कधी वेगळा दिसला नाही. इंटरनेट कॉलने दर पाडले आणि ती कामे निराधार झाली. आता त्यांचा खर्च उघडपणे मांडून प्रत्येक काम कोणाचे हे ठरवावे लागेल : विजेची सोय जोडणी देणाऱ्याची, आणीबाणीतला ठावठिकाणा फोन बनवणाऱ्याचा आणि ॲपचा, परस्परजोडणी मोठ्या ॲपांची, क्रमांकाची सत्यता गेटवे चालवणाऱ्याची. हे नियमाने ठरले नाही, तर ती कामे कोणीच करणार नाही आणि वाचलेल्या पैशांची भरपाई अडचणीत सापडलेला माणूस करील.